शेतीचं सरकारी अनुदान पहिल्यांदाच घेताय? सुरुवात कुठून करायची

वडील गेले आणि जमीन नावावर यायची आहे. किंवा शहरातली नोकरी सोडून गावी शेती बघायला आलात. किंवा नवऱ्यामागे घर आणि वावर दोन्ही एकटीच्या अंगावर पडलंय. आजवर हप्ते, अर्ज, कागद हे सगळं घरातलं दुसरं कुणीतरी बघत होतं आणि आता ते तुम्हालाच बघायचं आहे. महाराष्ट्रातल्या अशा नव्या खातेदारांसाठी हे लिहितोय.

सेवा केंद्रात गेलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "नवीन योजना कोणती आलीय?" माझं म्हणणं असं की योजना नंतर बघू. माहिती नाही म्हणून पैसा हुकलाय, असं फार कमी वेळा होतं. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरंच, या कारणाने तो कित्येक पटींनी जास्त अडतो. या तीन नोंदी एकमेकींशी जुळल्या की निम्म्याहून जास्त काम झालं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

पहिलं काम: सातबारा आणि आठ-अ हातात घ्या

महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो, पण अर्जाला डिजिटल सहीचा उतारा काढा. ऑनलाइन ₹१५ लागतात. सोबत आठ-अ काढा. सातबारा एका गटाचा असतो, तर आठ-अ वर त्या गावातल्या तुमच्या खात्याची सगळी जमीन एकत्र दिसते. जमीन दोन गावांत असेल तर दोन आठ-अ.

उतारा घडी करून पिशवीत टाकण्याआधी नीट वाचा. तुमचं नाव आहे का? वडिलांचं आणि आडनाव बरोबर आहे का? नावासमोर स्वतंत्र क्षेत्र आहे की सगळे सामाईक आहेत? इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचा बोजा आहे? विहीर किंवा बोअर असेल तर त्याची नोंद आहे का? विहिरीची नोंद आज बिनकामाची वाटते, पण ठिबकचा अर्ज करताना पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो, तेव्हा तीच आठवते.

नाव लागलेलं नसेल तर आधी वारस नोंद. मृत्यू दाखला आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या (तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र तलाठीच म्हणतात), किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करा. फेरफार (नोंदीतल्या बदलाची नोंद) धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव चढतं ते त्यानंतर.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. वारसांत लग्न झालेल्या बहिणी लपवू नका. "त्यांना कशाला त्रास," म्हणत अनेक घरांत त्यांची नावं गाळतात. कायद्याने त्यांचा हक्क आहे, आणि पुढे एकीने जरी हरकत घेतली तरी फेरफार वादात जातो आणि सगळ्यांचंच अनुदान लटकतं. बहिणीला खरोखर हिस्सा नको असेल तर रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला तिथे किंमत नाही.

दुसरं काम: नाव सगळीकडे एकच करा

आजोबांच्या काळात सातबाऱ्यावर "बाळू" लागलं, शाळेच्या दाखल्यावर "बाळासाहेब" आलं आणि आधार काढणाऱ्याने इंग्रजीत भलतंच टंकलं. गावातल्या माणसाला हा एकच माणूस आहे हे ठाऊक असतं. संगणकाला नसतं.

सातबाऱ्यावरची चूक संगणकीकरणात झाली असेल, म्हणजे जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नाव बरोबर आणि नव्यावर चुकीचं असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुना उतारा जोडा. आधारवर चूक असेल तर आधार केंद्रात दुरुस्ती होते, पण नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईने काहीतरी करून ती संधी वाया घालवू नका. आधी ठरवा की कोणतं नाव कायम ठेवायचं, मग बाकी सगळे कागद त्याच्याकडे वळवा.

बायकांच्या बाबतीत ही अडचण फार मोठी होते. माहेरच्या जमिनीत वारस म्हणून माहेरचं नाव लागलेलं असतं आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवा. ते नसेल तर आत्ताच करून घ्या. पावसाळ्यात पंचनामे सुरू झाल्यावर हे काम होत नाही.

आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. पुढचं प्रत्येक पाऊल त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर चालतं. मुलाचा पुण्यातला नंबर जोडला असेल तर तो कामावर असताना तुम्ही केंद्रात ताटकळत बसणार.

तिसरं काम: पैसे नेमके कोणत्या खात्यात येणार

"माझं आधार बँकेत लिंक आहे," असं सगळेच म्हणतात. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खातं उघडताना ओळखीसाठी आधारची झेरॉक्स दिली, ही केवायसी झाली. अनुदान त्यावर येत नाही. त्यासाठी आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणारी संस्था) यादीत त्या बँकेशी जोडलेला असावा लागतो. याला आधार सीडिंग म्हणतात आणि ते एका वेळी एकाच बँकेशी होतं. तुमची खाती चार बँकांत असली तरी सरकारी पैसा शेवटच्या सीडिंगच्या बँकेतच जातो.

हप्ता आला नाही म्हणून चिडलेल्या माणसाचे पैसे कित्येकदा आलेले असतात. आठवडी बाजारात कुणीतरी अंगठा घेऊन फुकट उघडून दिलेल्या आणि विसरलेल्या खात्यात ते साठलेले असतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून बघता येते. सध्या कोणती बँक जोडलेली आहे आणि सीडिंग चालू आहे की बंद, हे तिथे दिसतं. बँक नको ती निघाली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज लिहून द्या. "लिंक करा" एवढंच म्हणू नका, "डीबीटीसाठी सीडिंग करा" म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात). जवळ बँक नसेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेत पोस्टमनमार्फतही आधार जोडलेलं खातं उघडतं.

चौथं काम: शेतकरी ओळख क्रमांक

ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला हा ११ अंकी क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक आहे. सेवा केंद्रात निघतो, स्वतःलाही ऑनलाइन काढता येतो. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि गट क्रमांक एवढं लागतं. नंतर महसूल यंत्रणेकडून मंजुरी येते.

नोंदणी करताना सगळे गट जोडले जातायत ना, ते स्क्रीनवर स्वतः बघा. केंद्रचालक गर्दीत एक गाव जोडून मोकळा होतो आणि दुसऱ्या गावातली दोन एकर बाहेर राहते. त्या दोन एकरांवरची नुकसानभरपाई मागताना मग पंचाईत होते. सामाईक खात्यात प्रत्येक खातेदाराचा क्रमांक वेगळा असतो. भावाने काढला म्हणजे तुमचा निघाला असं नाही. वारस नोंद नंतर झाली असेल तर नवी जमीन क्रमांकात समाविष्ट करून घ्या.

पाचवं काम: पीएम किसान आणि नमो शेतकरी

आता योजनेकडे येऊ. पीएम किसानमध्ये केंद्राकडून वर्षाला ₹६,०००, दर चार महिन्यांनी ₹२,००० असे मिळतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच आणखी. नमोचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीतून वाटला गेला. नमोसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम किसानच्या लाभार्थ्यालाच ते पैसे येतात. नमोचा फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ परत या.

पात्रतेत नवीन माणसाची सगळ्यात जास्त निराशा एका तारखेने होते: १ फेब्रुवारी २०१९. या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर विकत घेतलेल्या, बक्षीस मिळालेल्या किंवा वाटणी करून मुलाच्या नावावर केलेल्या जमिनीवर नवा लाभ मिळत नाही. अपवाद एकच, मूळ खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन. त्यामुळे हयात वडिलांची जमीन फोडून तिघा भावांना तीन हप्ते सुरू होतील, या हिशेबाने खातेफोड करू नका. वाटणी करायला दुसरी चांगली कारणं असतील तर खुशाल करा.

लाभ कुटुंबाला आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी हप्ता एकालाच. शिवाय मागच्या आकारणी वर्षात घरात कुणी आयकर भरला असेल, कुणाला महिना ₹१०,००० किंवा जास्त निवृत्तिवेतन असेल, कुणी सरकारी नोकरीत असेल किंवा होता (चतुर्थ श्रेणी सोडून), कुणी व्यवसाय करणारा नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंता किंवा सीए असेल, तर ते कुटुंब बाहेर. अनिवासी भारतीयही बाहेर. शहरातली नोकरी नुकतीच सोडलेल्यांनी आयकराची अट आधी तपासावी. अपात्र असताना घेतलेल्या पैशाची वसुली होते, महाराष्ट्रात हजारो आयकरदात्यांना नोटिसा गेलेल्या आहेत. चुकून आला असेल तर परत भरायची सोय आहे, ती वापरा.

वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून नोंदणी करताना चालू सातबारा, आठ-अ, वारसाचा फेरफार आणि पती-पत्नीचं आधार जवळ ठेवा. नोंदणी पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून होते, पाठपुरावा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा. वडिलांच्या खात्यात हप्ते येत राहिले तर ते "चालू राहू दे" म्हणून काढत बसू नका. मृत्यूची माहिती लगेच द्या. नाहीतर ती रक्कम वसुलीत येते आणि वारसाची नोंदणीही अडकते.

नोंदणी मंजूर झाली की ई-केवायसी. मोबाइलवर ओटीपीने, केंद्रात अंगठ्याने किंवा पीएम किसान ॲपमध्ये चेहरा दाखवून. शेतात राबून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्या म्हाताऱ्या माणसांना अंगठ्यासाठी चार वेळा हेलपाटे घालायला लावू नका. त्यांची केवायसी घरी बसून चेहऱ्याने करून द्या.

पीक पाहणी: हे काम चुकवू नका

यात एक पैसाही हातात मिळत नाही, म्हणून लोक टाळतात. पण पुढच्या वर्षभरातला बराच पैसा यावर ठरतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या वावरात उभं राहून ॲपमधून पीक, क्षेत्र आणि फोटो नोंदवायचा, की ते सातबाऱ्याच्या बारा नमुन्यात चढतं. सामाईक गटात आपापल्या हिश्श्यातलं पीक प्रत्येकाने नोंदवायचं.

ही नोंद किती मोलाची आहे, याची दोन उदाहरणं. २०२३ मध्ये राज्याने कांद्याला क्विंटलला ₹३५० प्रमाणे, २०० क्विंटलच्या मर्यादेत अनुदान दिलं. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली गेली, आणि कांदा विकल्याची बाजार समितीची पट्टी हातात असूनही नोंद नसलेले शेतकरी अडचणीत आले. त्याच वर्षीच्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ₹५,०००, दोन हेक्टरपर्यंत, असं अर्थसाहाय्य जाहीर झालं. त्याचाही आधार ई-पीक पाहणीच होती. अनुदान जाहीर होतं तेव्हा पीक निघून गेलेलं असतं, मागे जाऊन फोटो काढता येत नाही. हमीभाव खरेदी केंद्रावर नाव नोंदवायलाही हीच नोंद लागते.

ॲप कधीकधी छळतं. गटाच्या हद्दीबाहेर आहात असं दाखवतं, फोटो चढत नाही. मोबाइलचं लोकेशन सुरू करून, झाडाखालून बाजूला होऊन मोकळ्यात उभं राहा. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर दमतो, म्हणून पेरणी उगवून आली की लगेच करा. मुदतीत जमलंच नाही तर गावच्या पीक पाहणी सहायकाकडून नोंद करून घेण्याचा टप्पा असतो, त्याची चौकशी तलाठ्याकडे करा.

महाडीबीटी: ठिबक, अवजारं, फळबाग

महाडीबीटी हे राज्याच्या योजनांना ऑनलाइन अर्ज करायचं पोर्टल. इथे रोख हप्ता नाही, केलेल्या खर्चाचा काही भाग परत मिळतो. ठिबक-तुषारला केंद्राची योजना आणि राज्याची पूरक मदत मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंडावर असतात, तुमच्या बिलावर नाही. दुकानदाराने "८० टक्के फुकट" म्हटलं तरी आपल्या खिशातून किती जाणार ते कागदावर लिहून घ्या. अवजारांना साधारण अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्पभूधारकांसाठी ५० टक्के, इतरांसाठी ४० टक्के, प्रत्येक यंत्राला वेगळी कमाल रक्कम. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हप्ता किती झाडं जगली त्यावर ठरतो.

शेतकरी ओळख क्रमांकाने पोर्टलवर शिरायचं, घटक निवडायचा, ₹२३.६० शुल्क भरायचं. पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून आधी अर्ज करेल त्याला आधी, असा क्रम आहे. म्हणून घ्यायचं नक्की असेल तर अर्ज लांबवू नका.

निवड झाल्याचा संदेश आला की ठरलेल्या मुदतीत कागद चढवा: उतारे, कोटेशन, यंत्राचा तपासणी अहवाल, लागू असेल तर जातीचा दाखला, सामाईक जमीन असेल तर इतरांचं संमतीपत्र. मग पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक नळीही विकत घेऊ नका. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की प्रकरण बाद होतं, मग तुमचं बाकी सगळं खरं असलं तरी. दुकानदार "घेऊन जा, कागद मागाहून बघू" म्हणेल. त्याचा माल खपतो, अनुदान तुमचं जातं.

खरेदीचे पैसे रोखीत देऊ नका, बँकेतून द्या आणि पावती जपा. जीएसटी असलेलं पक्कं बिल चढवा. नंतर कृषी विभागाचा माणूस मोका तपासणीला येतो (कृषी सहायकाला आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात). त्या दिवशी स्वतः शेतात हजर राहा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून गोठ्यात ठेवलेल्या सापडल्या तर अहवाल तसाच जातो.

हप्ता अडला तर

पीएम किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्थिती उघडा. तीन ओळी बघायच्या: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली आहे का), ई-केवायसी, आधार-बँक सीडिंग. जिथे "नो" दिसेल तिथेच इलाज आहे. लँड सीडिंग नो असेल तर उतारे घेऊन तालुका कृषी कार्यालयात. ई-केवायसी नो असेल तर ती आजच करा. बँक सीडिंग नो असेल तर बँकेत. तिन्ही "येस" असून पैसे नाहीत आणि एफटीओ (पैसे पाठवण्याचा आदेश) तयार झाल्याचं दिसतंय, तर पैसे वाटेत आहेत, थोडं थांबा. नवरा-बायको दोघांच्या नावावर लाभ किंवा २०१९ नंतर आलेली जमीन, अशा संशयावरून पडताळणीसाठी काही हप्ते थांबवलेले आहेत. तसं असेल तर फेरफाराची प्रत घेऊन प्रत्यक्ष जा. मदतक्रमांक १५५२६१.

तक्रार नेहमी लेखी द्या आणि पोचवर शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं टेबलावरचा माणूस बदलला की संपतं.

अतिवृष्टीची मदत वेगळ्या वाटेने येते. पंचनामा होतो, यादीत विशिष्ट क्रमांक येतो आणि गरज असेल तर त्या क्रमांकावर सेवा केंद्रात केवायसी करावी लागते. ही मदत कर्जखात्यात वळती करू नये, अशी सूचना शासन मदतीच्या निर्णयातच बँकांना देतं. शाखेने कापली असेल तर निर्णयाची प्रत दाखवून परत मागा.

शेवटी फसवणुकीबद्दल. हप्त्याच्या दिवसांत व्हॉट्सॲपच्या गटांवर "पीएम किसान" नावाची एपीके फाइल फिरते. ती उघडली की मोबाइलचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि खातं रिकामं होतं. खरं ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कृषी कार्यालयाचं नाव घेत असला तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि मग बँकेत धाव घ्या. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.